ते लोक गेले कुठे?

‘मॅडम, ते अ‍ॅझ्टेक लोक पुढे कुठे गेले?’ पुण्यात स्पॅनिश शिकवायला लागल्यापासून प्रत्येक नव्या बॅचमध्ये हा प्रश्न येतो. मी चार वर्षं मेक्सिकोत, पुएब्लाजवळच्या चोलुला गावात राहून आले हे कळलं की लग्नाच्या पंगतीतही कुणीतरी तेच विचारतं. विचारणाऱ्याच्या डोळ्यांपुढे पिरॅमिड असतात, पिसांचे मुकुट असतात. मग स्पॅनिश आले आणि सगळं संपलं, त्यानंतर त्या देशात दुसरेच कुणी राहायला आले, असा समज असतो. आता तुम्हीही विचारलंत म्हणून जरा सविस्तर सांगते.

ते कुठेही गेले नाहीत. माझ्या घरमालकीणबाईंची आई मलिंचे ज्वालामुखीच्या पायथ्याच्या एका गावातली. पहिल्याच आठवड्यात मी त्यांना विचारलं, ‘आजी, तुमच्या गावात कोणती भाषा बोलतात?’ पुस्तकं वाचून गेलेली मी ‘नावात्ल’, म्हणजे अ‍ॅझ्टेकांची भाषा, या उत्तराची वाट बघत होते. आजी म्हणाल्या, ‘मेहिकानो.’ माझा प्रश्न त्यांना कळला नसेल असं वाटून मी पुन्हा विचारलं. त्या पुन्हा तेच म्हणाल्या आणि मला कमी ऐकू येतं की काय अशा काळजीने माझ्याकडे बघत राहिल्या.

त्या भागात नावात्ल बोलणारी माणसं आपल्या भाषेला खरोखरच मेहिकानो म्हणतात. अ‍ॅझ्टेक हे नाव एकोणिसाव्या शतकातल्या पुस्तकांनी जगभर नेलं. १३२५ च्या सुमारास तेश्कोको सरोवरातल्या बेटावर तेनोच्तित्लान वसवणारे लोक स्वतःला मेशिका म्हणवत. त्या नगरीच्या जागेवर आज मेक्सिको सिटी आहे, आणि देशाचं नावही त्यांच्याच नावावरून आलंय.

पण म्हणून सगळे मेक्सिकन अ‍ॅझ्टेकांचे वंशज, असंही मी म्हणणार नाही. मेशिका त्या भूमीत फार उशिरा आले. त्यांच्या अडीच हजार वर्षं आधी मेक्सिकोच्या आखाताच्या किनाऱ्यावर ओल्मेक लोक दगडात माणसांची प्रचंड डोकी कोरत होते. लाखभर वस्तीचं तेओतिवाकान शहर इसवी सनाच्या सहाव्या शतकात जळालं. मेशिकांनी ते पाहिलं तेव्हा ते कित्येक शतकं ओसाड होतं. ‘जिथे देव झाले ती जागा’ अशा अर्थाचं हे नाव नावात्लमधलं आहे, तिथल्या मूळ रहिवाशांचं नव्हे. माया तर वेगळेच, आणि तेही कुठे गेलेले नाहीत; युकातान आणि चियापासमध्ये त्यांच्या भाषा आजही बाजारात ऐकू येतात. १५२१ मध्ये तेनोच्तित्लान पडलं ते मूठभर स्पॅनिश शिपायांमुळे, असं आपण शाळेत शिकतो. स्पॅनिश सेनापती कोर्तेसच्या बाजूने लढणारे बहुसंख्य सैनिक तिथलेच होते. त्यांत पुढे होते त्लाश्कालाचे लोक, ज्यांना मेशिका कधीच जिंकू शकले नव्हते.

या सगळ्यांना जोडणारा एकही राजा झाला नाही. त्यांना जोडलं मक्याने. हे मला आजींच्या स्वयंपाकघरात कळलं.

रात्री मका चुन्याच्या पाण्यात शिजवून तसाच झाकून ठेवायचा. सकाळी दाणा बोटांत चोळला की पातळ साल सुटून येते, पाणी पिवळं झालेलं असतं, आणि नुकत्याच चुना दिलेल्या भिंतीला येतो तसा ओला वास सुटतो. या मक्याला निश्तामाल म्हणतात. तो धुऊन बादलीत घालायचा आणि कोपऱ्यावरच्या गिरणीत रांग लावायची. ही गिरणी ओलं दळते. आजींच्या लहानपणी तीही नव्हती. त्यांची आई पहाटे उठून गुडघ्यांवर बसून मेताते नावाच्या दगडी पाट्यावर वाटायची. तो पाटा अजून अंगणात होता, मध्यभागी झिजून खोलगट झालेला. मग पिठाचा गोळा, तळहाताने थापणं, कोमाल नावाच्या तव्यावर टाकणं. दुसऱ्यांदा उलटून बोटांनी जरा दाबली की तोर्तिया टम्म फुगते.

चुना कशाला? मक्यात नायसिन हे जीवनसत्त्व असतं, पण ते पचनाला लागत नाही अशा रूपात बांधलेलं. चुन्याने ते सुटतं. मेक्सिकोतल्या बायकांना हे किमान तीन हजार वर्षांपासून ठाऊक आहे, रसायनशास्त्राचा शब्दही न उच्चारता. मका जहाजातून युरोपात गेला, पण चुन्याची रीत मागेच राहिली. पुढे उत्तर इटलीत आणि अमेरिकेच्या दक्षिणेत, जिथे गरिबांनी मुख्यतः मक्यावरच पोट भरलं, तिथे नायसिनच्या अभावाने होणाऱ्या पेलाग्रा रोगाने माणसं मेली. दाणा नेला, पण तो पिकवणाऱ्यांना विचारलं नाही. याचा मला आजही राग येतो.

मक्याची गोष्ट निघाली की मी वर्गात वर्ध्याच्या पांडुरंग खानखोज्यांचं नाव घेतेच. गदर चळवळीतला हा क्रांतिकारक १९२४ मध्ये मेक्सिकोत पोहोचला, चापिंगोच्या शेतकी शाळेत प्राध्यापक झाला आणि मक्याच्या वाणांवर काम करू लागला. चित्रकार दिएगो रिवेराने शिक्षण मंत्रालयाच्या भिंतीवरच्या चित्रांत त्यांना रंगवलंय. ते चित्र बघताना माझा कंठ दाटून आला होता.

आता पुन्हा तुमच्या प्रश्नाकडे येते, कारण माणसं खरोखर गेलीही. १५२० मध्ये देवी आल्या. १५४५ आणि १५७६ च्या साथी त्याहून भयंकर ठरल्या. शंभर वर्षांत मूळ लोकसंख्या ऐंशी-नव्वद टक्क्यांनी घटली, असं अनेक अभ्यासक मानतात. माणसांवाचून ओस पडलेल्या खाणींत आणि उसाच्या मळ्यांत राबायला सुमारे दोन लाख आफ्रिकन गुलाम आणले गेले. १८२९ मध्ये गुलामी रद्द करणारे राष्ट्राध्यक्ष विसेंते गेरेरो त्यांच्याच रक्ताचे होते. मनिलाहून आकापुल्कोला येणाऱ्या जहाजांतून आशियातली माणसंही आली. कातारिना दे सान हुआन ही हिंदुस्थानातली मुलगी पोर्तुगिजांनी पळवली, ती मनिलामार्गे पुएब्लात विकली गेली, आणि १६८८ मध्ये तिथेच वारली तेव्हा शहर तिला संत मानत होतं.

मेक्सिको सिटीत त्लातेलोल्कोच्या चौकात एक शिळा आहे. १३ ऑगस्ट १५२१ ला इथे जे घडलं तो ना विजय होता ना पराजय, तो आजच्या मेक्सिकोच्या, म्हणजे मेस्तिसो लोकांच्या, वेदनामय जन्माचा क्षण होता, असं तिच्यावर कोरलंय. वाचताना अंगावर काटा येतो. तरी मला ते पुरेसं वाटत नाही. मेस्तिसो, म्हणजे मिश्र, या शब्दाखाली गेरेरोचे पूर्वज झाकले जातात, आणि आजीही.

बेनितो हुआरेस हे सापोतेक या मूळ जमातीतले राष्ट्राध्यक्ष बारा वर्षांचे होईपर्यंत स्पॅनिश बोलत नव्हते. आज उलटं झालंय. २०२० च्या जनगणनेत २ कोटी ३० लाखांहून अधिक लोकांनी स्वतःला मूळ रहिवासी म्हटलं. त्यांच्या भाषा बोलणारे मात्र ७३ लाखांच्या आसपास निघाले. माणसं तिथेच आहेत, घरातली भाषा बदलली. शाळेत मेहिकानो बोललं की हातावर छडी बसायची, म्हणून आजींनी ती मुलीला शिकवलीच नाही. ‘तिने मार खायला नको होता,’ एवढंच त्या म्हणाल्या.

मी निघाले त्या सकाळी आजी माझ्यासाठी तोर्तिया मेहिकानोत मोजून फडक्यात बांधत होत्या. से, ओमे, येयी, नावी, माक्विली. शेजारी उभी असलेली त्यांची सहा वर्षांची नात त्यांच्यामागून एकेक शब्द म्हणत होती. पाचाला आजी दम खायला थांबल्या, तर नातीने पुढचं स्पॅनिशमध्ये मोजायला घेतलं: सेइस, सिएते, ओचो.