आजाऱ्यांची चूल

लहानपणी मला ताप आला की वेगळं पातेलं चढायचं. गुरगुट्या भात, वर मेतकूट आणि साजूक तूप. धाकट्या भावापुढे भरलेलं ताट असायचं, पण नजर माझ्या वाटीवर. ‘मलाही कणकण वाटतेय,’ हे तो म्हणणारच.

सेंट गॉलच्या ख्रिस्ती मठाचा आराखडा बघताना तो आठवला. पाच चर्मपत्रं शिवून केलेला हा नकाशा साधारण इ.स. 820-830 चा, स्वित्झर्लंडमध्ये अजून जपलेला. तसा मठ कधी बांधला गेला नाही, पण कागदावर सगळी सोय चोख. आजारी साधूंसाठी निराळी जागा, जवळच वैद्याचं घर, औषधी वनस्पतींचे वाफे. आणि त्यांचं स्वतःचं स्वयंपाकघर, न्हाणीघराला खेटून. मजकूर लॅटिन आहे, अर्थ असा: हे स्वयंपाकघर आजाऱ्यांचं आणि रक्त काढवून घेणाऱ्यांचं.

वेगळी चूल कशाला? असे मठ ज्या नियमांनी चालत, त्या सहाव्या शतकातल्या संत बेनेडिक्टच्या नियमावलीत चार पायांच्या प्राण्यांचं मांस सगळ्यांना वर्ज्य. सूट फक्त अगदीच अशक्त झालेल्या आजाऱ्याला, तीही अंगात ताकद येईपर्यंत. (कोंबडीला दोनच पाय असतात, हे कुणाच्या तरी लगेच लक्षात आलं असणार.) तेव्हा रश्शाचा वास सगळ्या मठाच्या नाकात जाऊ नये म्हणूनही ही चूल लांब ठेवली असेल, असं आपलं मला वाटतं.

मला गंमत वाटते ती त्या रक्त काढवणाऱ्यांची. प्रकृतीसाठी म्हणून धडधाकट साधूंचीही अधूनमधून शीर उघडत. मग काही दिवस विश्रांती, उपासनेत थोडी सवलत आणि जरा बरं जेवण. शिरेवर चीर सोसायची आणि आजाऱ्यांच्या पंगतीला बसायचं. सौदा वाईट नाही.

पुढे पंगत वाढतच गेली. नेहमीच्या भोजनगृहात मांस नको ना, मग शेजारी दुसरी खोली काढली. तिचं नाव ‘मिझेरिकॉर्ड’, म्हणजे दया! 1336 मध्ये पोप बारावे बेनेडिक्ट यांनी त्यालाही शिस्त लावली: ठरलेल्या दिवशीच मांस, आणि निदान अर्धे साधू तरी भोजनगृहातच जेवतील.

आई भावाच्या कपाळाला हात लावून बघायची. ताप नसायचाच. तरी पातेल्याच्या तळाचा भात खरवडून त्याच्या ताटात घालायची, वर मेतकुटाची चिमूट.