रात्री बर्फ लाव

गंगापूर रोडला माझं क्लिनिक पहिल्या मजल्यावर आहे आणि लिफ्ट नाही. फिजिओथेरपिस्टनं पहिल्या मजल्यावर जागा घ्यावी का, हे गुडघेदुखीवाले मला रोज ऐकवतात. एक झालं, जिन्यातल्या पावलांवरून कोण येतंय ते मला आत बसून कळायला लागलं. त्या जानेवारीतल्या सकाळी मात्र आवाज अनोळखी होता. पायरीपायरीला बुटाचं टोक अडकत होतं, आणि वर पॅसेजमध्ये आल्यावर एक पाऊल नीट, दुसरं फट्‌कन. ओला टॉवेल फरशीवर आपटावा तसं.

दारात माझीच पेशंट. १९ वर्षांची, दिंडोरी तालुक्यातली, ५ हजार मीटर धावणारी. कविता राऊतनं २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत १० हजार मीटरचं कांस्य आणलं, तेव्हापासून आमच्या जिल्ह्यातल्या पाड्यापाड्यावरच्या मुली नाशकात खोली घेऊन धावायला लागल्या, त्यांतलीच एक. सोबत स्वयंपाकाला आजी. पाच दिवसांपूर्वी ही डाव्या गुडघ्याच्या बाहेरच्या दुखण्यासाठी आली होती. धावपटूंचं नेहमीचं दुखणं, मांडीच्या बाहेरचा पट्टा गुडघ्याशी कुरकुरतो.

"मॅडम, पाय उचलत नाही."

"किती दुखतोय?"

"दुखत नाहीये. उचलतच नाही."

न दुखणाऱ्या पायाची मला दुखणाऱ्या पायापेक्षा जास्त धास्ती वाटते.

टेबलावर बसवलं. पाऊल खाली दाब म्हटलं, दाबलं, भरपूर जोर. आत वळव, वळलं. वर उचल म्हटल्यावर ती पावलाकडे एकटक बघत राहिली, मानेच्या शिरा तट्ट फुगल्या, पण पाऊल जागचं हललं नाही. अंगठासुद्धा नाही. बाहेरच्या बाजूला वळेना. पावलाच्या वरच्या भागावर कापूस फिरवला तर म्हणाली, "मोज्यावरून फिरवल्यासारखं वाटतंय." कमरेची शीर दबली की काय म्हणून पाय सरळ उचलून पाहिला, कळ नाही. शिवाय पाऊल आत नीट वळत होतं. म्हणजे गडबड कमरेत नव्हती, खाली गुडघ्याच्या आसपास होती.

ट्रॅकपँट वर सरकवली आणि दिसलं. गुडघ्याच्या बाहेर, जरा खाली, तळहाताएवढा लालसर चौकोन. त्याच्या कडेनं पट्ट्याचा वळ, इतका स्पष्ट की कापडाची जाळीसुद्धा कातडीवर उमटलेली.

"हे काय गं?"

"बर्फाचा पट्टा. तुम्हीच सांगितलं ना, रात्री लाव म्हणून."

सांगितलं होतं. सोमवारची संध्याकाळ, बाहेर सात जण बसलेले, आणि मी पुढच्या पेशंटची फाइल उघडता उघडता म्हटलं होतं, "धावून आल्यावर बर्फ लाव, रात्री पण एकदा लाव." आपल्याकडे रात्री काय लावतात? मलम लावतात, तेल लावतात आणि झोपतात. पोरीनं तेच केलं. साडेचारशे रुपयांचा गरम-गार दोन्हीला चालणारा जेलचा पट्टा मागवला, घरमालकीण काकूंच्या फ्रीझरमध्ये दिवसभर ठेवला, रात्री दहाला काढला, सुटू नये म्हणून वेल्क्रो करकचून ओढला आणि झोपली. पहाटे पाचला ग्राउंडवर जायला उठली तेव्हा पट्टा तसाच. 

आता तुम्ही स्वतःच्या गुडघ्याच्या बाहेर, जरा खाली चाचपून बघा. हाडाची एक गोटी लागेल. ते फिब्युला हाडाचं डोकं. पाऊल वर उचलणारी नस, पेरोनियल नर्व्ह, त्याच्याच मानेला वळसा घालून पुढं येते. तिथं तिच्यावर कातडी आणि थोडी चरबी एवढंच पांघरूण. आणि रोज १५ किलोमीटर धावणाऱ्या पोरीच्या अंगावर चरबी कुठून असणार? गारठ्यानं नस बधिर होते, दाबानं तिचा निरोप अडतो. इथं आधी दोन्ही एकदम, मग रात्रभर दाब.

जेलची एक गोष्ट मी तेव्हापासून प्रत्येकाला सांगते. पिशवीत बर्फ आणि थोडं पाणी घेतलं तर बर्फ विरघळेपर्यंत ते शून्य अंशाच्या आसपास राहतं, त्याखाली जात नाही. जेल मात्र फ्रीझर जितका गार तितका गार होतो, उणे १८ सुद्धा, आणि तरी मऊच राहतो. मऊ म्हणून आपण तो बिनधास्त अंगाला गुंडाळतो. हिनं मध्ये साधा रुमालही ठेवला नव्हता. कातडी जळली नाही हे नशीब.

खरी धडकी पुढं भरली. पावलाच्या वर मला आणखी एक लाल डाग दिसला, ताजा. आजींकडे पाहिलं तर त्या पदराशी चाळा करत होत्या.

"पाय गारठला म्हणून शेक दिला बाई. वीट तापवली गॅसवर."

"चटका बसला नाही का हिला?"

"इचारलं मी. नाही म्हणली. म्हणून अजून तापवली."

बधिर पायाला चटका कळत नाही, हे आजींना कोण सांगणार! काकू कशाचा वास येतोय म्हणून डोकावल्या आणि विटेभोवतीचं फडकं करपलेलं बघून त्यांनी वीट उचलली. अजून पाच मिनिटं राहती तर फोड आले असते, आणि बधिर कातडीवरचे फोड लवकर भरत नाहीत.

आजींवर काय रागवायचं? गार मी सांगितलं होतं, तेही नीट विचार न करता. १९७८ साली गेब मर्किन या अमेरिकी डॉक्टरांनी विश्रांती, बर्फ, दाब आणि पाय उंचावर हे चार शब्द रूढ केले, आम्ही कॉलेजात ते घोकले. त्याच मर्किननी २०१४ मध्ये लिहिलं की बर्फामुळं दुखापत भरून यायला उलट उशीर होऊ शकतो. दुखणं मारायला बर्फ चांगला, माझा त्यावर अजून विश्वास आहे. ताज्या मुरगळीवर पहिले दोन दिवस शेकापेक्षा तोच बरा. पण महिनाभर धावून धावून कुरकुरणाऱ्या गुडघ्याला मुळात हवं होतं ते धावणं कमी करणं आणि नितंबाचे व्यायाम. बर्फ मी सवयीनं सांगितला. काहीतरी लावायला दिलं की पेशंटलाही बरं वाटतं.

न्यूरोलॉजिस्टना फोन केला, त्याच दुपारी दाखवलं. नस तुटलेली नाही, दबून झोपली आहे, तीन आठवड्यांत हालचाल दिसली नाही तर तपासणी करू, असं ते म्हणाले. पाऊल लोंबू नये म्हणून प्लॅस्टिकचा स्प्लिंट दिला. तो तिच्या बुटात मावेना, मग डाव्या पायात भावाचा नऊ नंबरचा बूट, उजव्यात तिचा पाच नंबरचा. अकराव्या दिवशी अंगठा हलला, सहाव्या आठवड्यात ती हळू जॉगिंग करू लागली. तोवर तिची स्पर्धा होऊन गेली होती. तिच्या कोचनी फोनवर मला जे सुनावलं ते ऐकून घेतलं.

पण त्या सकाळचं राहिलंच. स्प्लिंटचं माप घेऊन झालं, दोघी निघाल्या, आणि आजींनी पिशवीतून तो निळा पट्टा काढला.

"बाई, आता हिच्या तर कामाचा नाही. गरम पाण्यात टाकून मी नेऊ का माझ्या गुडघ्याला? ह्याच्या खोक्यावर गरमचं पण चित्र हाय."

"आजी, शुगर आहे का तुम्हाला?"

"हाय की. पंधरा वर्सं झाली. घोट्यापर्यंत मुंग्या येतात, त्याच्यावरबी शेकीन म्हणते."

त्यांना टेबलावर बसवलं, चपला काढल्या. एका काचनळीत नळाचं गार पाणी भरलं, दुसरीत गरम, माझ्या मनगटाला चांगलं गरम लागेल इतकं. डोळे मिटायला सांगितले आणि गरम नळी त्यांच्या पावलावर टेकवली.

"गरम का गार?"

"गारच लागतंय."

गार टेकवली.

"आणि हे?"

"हे बी तसंच. दोन्ही सारखीच हायेत की गं."

नात माझ्याकडे बघत होती. मी पट्टा आजींच्या मांडीवरून उचलला आणि खणात टाकला. तो अजून तिथंच आहे.