बेलेमच्या गर्दीत पेद्रू नूनेश

लिस्बनमधल्या बेलेमला सकाळी लवकर जा, गर्दी लागत नाही, असं सगळे सांगतात. साफ खोटं. आम्ही पोचलो तेव्हाच टूरच्या बसगाड्यांची रांग लागली होती. तिथल्या पोर्तुगीज दर्यावर्दींच्या स्मारकासमोर फरशीत ५० मीटर व्यासाचं दिशाचक्र बसवलंय. त्याच्या मधोमध जगाचा नकाशा आहे आणि त्यावर उभं राहून जो तो आपला फोटो काढत होता. लिस्बनचे बाकीचे दिवस ट्राम, चढण आणि कॉफीत गेले. त्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत.

वास्को द गामा स्मारकावरच्या पुतळ्यांच्या पूर्वेकडच्या रांगेत आहे, त्यामुळे झुंबड तिकडे. पश्चिमेच्या रांगेत पेद्रू नूनेश (१५०२–१५७८) उभा आहे, त्याच्याकडे कुणी ढुंकूनही बघत नाही. पोर्तुगालच्या राजाचा मुख्य विश्वशास्त्रज्ञ (नकाशे आणि नौकानयनाचं शास्त्र सांभाळणारा), कोइंब्राचा गणिताचा प्राध्यापक, पण सागरी सफर कधी केलेली नाही. जो समुद्रावर गेलाच नाही त्याने समुद्राबद्दल बोललेलं नाखव्यांना खपत नाही, हे १५३७ मध्ये त्यानेच लिहून ठेवलंय.

त्याची गाठ पडली होती ती खऱ्या अडचणीशी. ब्राझीलहून १५३३ मध्ये परतलेल्या मार्तिम अफोन्सो द सौझाने (हाच पुढे गोव्याचा गव्हर्नर झाला) त्याला विचारलं, की गोलावर सरळ गेलेली वाट शेवटी विषुववृत्ताला मिळायला हवी, मग होकायंत्राची पूर्व धरून गेलं तरी जहाज विषुववृत्ताला का लागत नाही? नूनेशचं उत्तर असं: सुई एकच दिशा दाखवत राहिली, तर वाट प्रत्येक रेखावृत्ताला त्याच कोनात छेदते. पूर्व-पश्चिम गेलात तर त्याच अक्षवृत्तावर राहाल. उत्तर-दक्षिण सोडून तिरपी दिशा धरलीत, तर वाट ध्रुवाभोवती गुंडाळत जाते, ध्रुवाला मात्र पोचत नाही. सगळ्यात जवळची वाट वेगळीच असते आणि तिच्यावर दिशा सतत बदलावी लागते. पायाखालच्या चक्रावरच्या रेषा पाहताना हे चटकन पटतं.

शेजारच्या सागरी संग्रहालयात शांतता होती. तिथली जहाजी अॅस्ट्रोलेब (सूर्य-तारे क्षितिजापासून किती अंश वर आहेत ते मोजायचं साधन) म्हणजे वाऱ्याने हलू नये म्हणून मुद्दाम जड ओतलेली, मधून पोकळ ठेवलेली पितळी कडी. नूनेशने १५४२ मध्ये अंशाचे बारीक भाग वाचायची युक्ती काढली. पाव वर्तुळावर एकात एक ४५ कमानी आखायच्या: बाहेरची ९० भागांची, आतली ८९ ची, अशी ४६ पर्यंत. दर्शक काटा ज्या कमानीच्या खुणेवर नेमका बसेल ती वाचायची. ६४ भागांच्या कमानीवर अकरावी खूण जुळली, तर ९० × ११ ÷ ६४, म्हणजे जवळजवळ १५° २८′. कागदावर सुंदर. पण ८९ सारखे भाग हाताने कोरणारा कारागीर कुठून आणणार? खगोलशास्त्रज्ञ टिको ब्राहेनेही ती वापरून पाहून सोडली. आणि डुलत्या डेकवर अर्धा अंश धरता आला तरी भाग्य.

मला विचाराल तर नूनेशची खरी कामाची चीज म्हणजे सुई खऱ्या उत्तरेपासून किती ढळते ते सांगणारी सावलीची तबकडी. मध्ये उभा काटा, कडेला अंश आणि जोडीला चुंबकसुई. सकाळी सूर्याची उंची मोजायची आणि सावली सुईच्या उत्तर-दक्षिण रेषेपासून किती अंशांवर पडते ते टिपायचं. दुपारनंतर सूर्य तेवढ्याच उंचीवर आला की पुन्हा टिपायचं. सकाळी ६२, दुपारी ४८ आले, तर फरकाच्या निम्मे, म्हणजे सुई ७ अंश चुकते. मधल्या वेळात जहाज फार उत्तरेला किंवा दक्षिणेला सरकलं, तर हिशेब बिघडतो.

नूनेशचा शिष्य जुआंव द कास्त्रो १५३८ मध्ये गोव्याला येताना हीच तबकडी घेऊन निघाला. मोझांबिकमध्ये आकडे जुळेनात. शेजारच्या तोफेचं लोखंड सुईला ओढतंय, हे त्याने ओळखलं. डिसेंबरमध्ये दीवकडे जाताना वसईजवळ सुई पुन्हा भरकटली, तेव्हा मात्र दोष तिथल्या खडकांचा निघाला.