वॉर्डात जाण्याआधी स्वतःची वही

मी सोलापुरात नर्सिंगच्या मुलींना शिकवते. आमच्या वॉर्डात मराठी, कन्नड, तेलुगू, दखनी सगळं एकाच फेरीत कानावर पडतं. इंजेक्शन, ड्रेसिंग मुलींना छान येतं. पण समोरचं माणूस पाहून मनात काय येतं, हे त्यांना कुणी विचारत नाही. ते विचारायचंच, असं मी ठरवलं.

आधार होता न्यूझीलंडच्या माओरी परिचारिका इरिहापेती रॅम्सडेन यांच्या विचाराचा. रुग्णाच्या चालीरीती पाठ करण्याआधी परिचारिकेने स्वतःची घडण तपासायची, आणि सेवा सुरक्षित वाटली का हे रुग्णाने ठरवायचं. तिथल्या नर्सिंग कौन्सिलने १९९२ मध्ये हे शिक्षणात आणलं.

भाषण दिलं की मुली माना डोलावतात आणि विषय संपतो. म्हणून नाव न घालता एका वहीत लिहायला सांगितलं. तुमच्याकडे बाळंतिणीला काय देतात? पाळीत काय बंद असतं? कुणाच्या घरचं पाणी चालत नाही? कुठल्या वस्तीत जाऊ नको म्हणतात? पहिल्या दोन प्रश्नांना पानंच्या पानं, पुढच्या दोन प्रश्नांना जेमतेम एक ओळ.

त्या एका ओळीत बऱ्याच जणींनी सेटलमेंट लिहिलं होतं, म्हणजे इंग्रजांनी 'गुन्हेगार' ठरवलेल्या जमातींना जिथे कोंडलं ती सोलापुरातली वस्ती. मग मी १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा सांगितला. जन्मावरून गुन्हेगार ठरवलेली माणसं, सोलापुरातलं तारेचं कुंपण, रोजची हजेरी, आणि १९५२ मध्ये रद्द झालेला कायदा. एक मुलगी म्हणाली, "मॅडम, सेटलमेंटमधल्या त्या आजींच्या खाटेजवळ जाताना आम्ही मोबाईल मैत्रिणीकडे देऊन जातो." हे तिने स्वतःहून सांगितलं, याचं मला फार मोल वाटलं.

इथे शिक्षकाने जपायला हवं. वर्गात त्याच वस्तीतल्या मुलीही असतात. त्यांना उभं करून "तू सांग" असं कधीच म्हणायचं नाही.

पुढे ड्युटी बदलताना दिलेले रिपोर्ट तपासले. शहराच्या पूर्व भागातल्या, तेलुगू बोलणाऱ्या एका बाळंतिणीबद्दल लिहिलं होतं : 'ऐकत नाही, घरी जायचा हट्ट.' तेलुगू येणारी विद्यार्थिनी तिच्याजवळ बसली, तेव्हा कळलं की बाई विड्या वळते, मजुरी हजारामागे मिळते, वळल्या नाहीत तर काहीच नाही. रिपोर्ट बदलला : 'मजुरी बुडते, घरी लहान मूल, समाजसेविकेला कळवलं.'

या वहीला मार्क ठेवू नयेत, असं माझं ठाम मत आहे. मार्क आले की मुली मॅडमना आवडेल तेच लिहितात.