काढलेली दाढ, तीन वर्षांनी

खालची डावी दाढ काढली तेव्हा ठणका थांबला, याचंच समाधान होतं. दुसऱ्या बाजूने चावत तीन वर्षं काढली. मग एक्स-रे बघताना डॉक्टरांनी दाखवलं: मागची दाढ मोकळ्या जागेकडे कललेली, वरची खाली उतरलेली आणि मधलं हाड झिजलेलं. मी फार हळहळले. दाढ काढली त्याच दिवशी पुढचं विचारायला हवं होतं.

तीन मार्ग होते. काढता-घालता येणारी कवळी मला नको होती. आईने आयुष्यभर मिश्री लावली. साठीच्या आत तिचे सगळे दात गेले. रात्री वाटीतल्या पाण्यात ठेवलेली तिची कवळी आणि आमटीत कुस्करलेली भाकरी मी रोज पाहिली आहे. ब्रिज, म्हणजे शेजारच्या दातांवर टेकवलेला खोटा दात, स्वस्तात आणि लवकर झाला असता, पण त्यासाठी ते दोन धड दात तासून बारीक करावे लागणार होते. ते काही मनाला पटेना. म्हणून इम्प्लांट, म्हणजे हाडात बसवलेला टायटॅनियमचा स्क्रू आणि त्यावर दाताची कॅप.

पण मला मधुमेह. तीन महिन्यांची सरासरी साखर (HbA1c) ८.४ टक्के निघाली आणि डॉक्टरांनी सरळ नकार दिला. साखर चढलेली असली की हिरड्या सुजतात, जखम भरत नाही, स्क्रू हाडात धरत नाही. चार महिने रोज पहाटे चालले, रात्रीचा भात सोडला. ६.९ झाली तेव्हा तारीख मिळाली.

प्रत्यक्ष काम पाऊण तासात झालं. भूल दिल्यावर दुखलं नाही, फक्त जबडा थरथरत होता. पहिले काही दिवस मऊ खिचडी आणि ताक. टायटॅनियमशी हाड घट्ट जुळतं, हे ब्रेनमार्क नावाच्या स्वीडिश संशोधकाला १९५२ साली सशाच्या हाडावर प्रयोग करताना कळलं. ते जुळायला माझ्या जबड्याने साडेतीन महिने घेतले. मग वरची उतरलेली दाढ थोडी तासली आणि खाली इम्प्लांटवर कॅप बसवली. आता ज्वारीची भाकरी दोन्ही बाजूंनी चावते.

इम्प्लांट किडत नाही, पण भोवतीची हिरडी बिघडली तर तोही सैल होतो. म्हणून रात्री फटीतला बारीक ब्रश फिरवल्याशिवाय झोपत नाही.

माझी गेली ती सहाव्या वर्षी येणारी कायमची दाढ. कोणताही दुधाचा दात न पडता ती मागे उगवते, म्हणून घरचे तिलाही दुधाचीच समजतात. नातीला नुकतं सहावं लागलंय. परवा टॉर्च लावून पाहिलं तर खाली दोन्हीकडे टोकं दिसली. पुरती वर आली की कीड लागू नये म्हणून तिच्या खाचा सीलंटच्या पातळ थराने भरून घ्यायच्या, असं सुनेशी ठरवलंय.