ती लिंक पास कुणी केली?

नोव्हेंबर २०२१ मध्ये कलर्स वाहिनीवरच्या ‘डान्स दीवाने ३’ची एक क्लिप सगळीकडे फिरू लागली. कार्यक्रम ऑक्टोबरमध्येच आटोपला होता. क्लिपमध्ये सूत्रसंचालक राघव जुयाल गुवाहाटीच्या एका लहान स्पर्धक मुलीची ओळख करून देतो. त्यात मोमो येतो, चाऊमीन येतं आणि अधूनमधून चिनी वाटेल अशी निरर्थक बडबड. आसामचे मुख्यमंत्री हिमंत बिस्व सर्मा यांनी ही भाषा वर्णद्वेषी आहे असं ट्विट करून जाहीर निषेध केला. राघवने व्हिडिओ टाकून माफी मागितली. चार दिवसांनी सगळे पुढच्या विषयाकडे वळले.

त्याच्या खुलाशातला एक मुद्दा मात्र मागे राहून गेला. त्याचं म्हणणं असं की, आधीच्या एका भागात त्या मुलीनेच गमतीत सांगितलं होतं, मला चिनी बोलता येतं. ती बडबड तिचीच होती आणि तोच विनोद पुढे चालत राहिला. असेलही तसं. टीव्हीवाले याला रनिंग गॅग म्हणतात आणि अशा भानगडी बहुतेक वेळा इथेच शिजतात. ऑडिशनला एखादं मूल काहीतरी मजेशीर बोलून जातं. क्रिएटिव्ह टीममधलं कुणीतरी ते लगेच टिपून ठेवतं, कारण डझनभर स्पर्धकांत प्रत्येक चेहरा लक्षात राहायला त्याची एकेक खूण लागते. कुणी खादाड, कुणी रडवेला, कुणी आईवेडा. पहिल्या आठवड्यात मूल ते वाक्य स्वतः म्हणतं, पुढे सूत्रसंचालक त्याची नक्कल करतो आणि महिन्याभराने मूल मंचावर यायच्या आधीच ते वाक्य येऊन बसतं. तोवर ती गंमत तिची राहिलेली नसते. गुवाहाटीची म्हणजे मोमो, एवढंच उरतं.

आणि मोमो हा शब्द काही निव्वळ खाण्याचा नाही. अरुणाचलचा तरुण निडो तानिया जानेवारी २०१४ मध्ये दिल्लीत मारहाणीनंतर दगावला. भांडणाची सुरुवात त्याच्या केसांवर मारलेल्या शेऱ्यांपासून झाली होती. त्यानंतर केंद्राने नेमलेल्या बेझबरुआ समितीने ईशान्येच्या लोकांना शहरांतून जे ऐकावं लागतं ते नोंदवलं, त्यात ‘चिंकी’, ‘चायनीज’ यांच्याबरोबर ‘मोमो’ही आहे. २०२० मध्ये त्यात ‘कोरोना’ची भर पडली. पुण्यात शिकणाऱ्या मणिपूर-नागालँडच्या कुठल्याही मुलाला विचारा, तो यादी तोंडपाठ म्हणून दाखवेल.

आता ते वाक्य पडद्यापर्यंत पोहोचतं कसं ते बघू. हे कार्यक्रम सहसा थेट प्रक्षेपित होत नाहीत. सूत्रसंचालक दोन नाचांच्या मध्ये जे बोलतो ती ‘लिंक’. तिचा कच्चा मसुदा आधी लिहिलेला असतो, वर तो स्वतःची फोडणी घालतो. सेटवर कंट्रोल रूममधून दिग्दर्शक त्याच्या कानातल्या यंत्रात बोलत असतो. लिंक फसली तर पुन्हा घेतात. मग तासन्‌तासांचं चित्रीकरण एडिट टेबलावर येतं. नियमाप्रमाणे तासाला जास्तीत जास्त १२ मिनिटं जाहिराती आणि स्वतःच्या जाहिरातवजा प्रोमोंना, म्हणजे कार्यक्रमाला उरतात साधारण ४८. इतकं कापून जे शिल्लक राहतं ते चुकून राहिलेलं नसतं, कुणीतरी ठेवलेलं असतं. त्यानंतर वाहिनीचा क्रिएटिव्ह विभाग भाग बघतो आणि शेवटी स्टँडर्ड्स अँड प्रॅक्टिसेस, म्हणजे आक्षेपार्ह ते गाळणारा विभाग, बोलीभाषेत एस अँड पी.

एस अँड पीची चाळण शिव्या, सिगारेट, दारूची बाटली, दिसू नये तो ब्रँड हे नेमकं पकडते. बीपच्या यादीत मोमो नसतो, कारण तो पदार्थ आहे. संदर्भाने येणारा अपमान शब्दांच्या यादीत सापडत नाही. त्यासाठी टेबलाभोवती ईशान्येचं कुणीतरी बसलेलं लागतं, आणि गोरेगावच्या एडिट रूममध्ये असं माणूस सापडणं अवघडच. म्हणून एकट्या सूत्रसंचालकाची माफी मला नेहमी अर्धवट वाटते. त्याने बोलू नये हे खरंच, पण ते पास कुणी केलं?

परीक्षक हसताना दिसतात त्यावर फार विसंबू नका. हसरे चेहरे आणि टाळ्या अनेकदा दुसऱ्याच क्षणाच्या असतात, एडिटला तिथे चिकटवलेल्या.

याच वाहिनीने वर्षभर आधी, ऑक्टोबर २०२० मध्ये, ‘बिग बॉस’मध्ये एका स्पर्धकाने मराठीत बोलण्याबद्दल काढलेल्या उद्गारांवरून महाराष्ट्राच्या मुख्यमंत्री कार्यालयाला लेखी माफी पाठवली होती. तेव्हा कंपनी स्वतः पुढे आली, कारण दारात मनसे उभी होती. गुवाहाटीची दारं अंधेरीपासून लांब आहेत.

संताप आला तर तो उपयोगी कसा पडेल ते सांगतो. टीव्हीसाठी नियम आहेत. केबल टेलिव्हिजन नेटवर्क्स नियम १९९४ मधल्या नियम ६(१) चं पोटकलम (एम) वांशिक, भाषिक आणि प्रादेशिक गटांना हिणवणारं, कुत्सित चित्रण करायला मनाई करतं. मुलांची अवहेलना असेल तर (एल). जून २०२१ पासून तक्रारीच्या तीन पायऱ्या आहेत. पहिली वाहिनीकडे: २४ तासांत पोच, १५ दिवसांत निर्णय. समाधान झालं नाही तर पुढच्या १५ दिवसांत वाहिन्यांच्या स्वनियमन संस्थेकडे अपील. मनोरंजन वाहिन्यांसाठी ती बहुतेक वेळा बीसीसीसी (ब्रॉडकास्टिंग कंटेंट कम्प्लेंट्स कौन्सिल) असते, अध्यक्ष निवृत्त न्यायाधीश. तिला ६० दिवस मिळतात. त्यानंतर केंद्र सरकार.

तक्रारी पडतात त्या बहुधा तपशिलात. लोक व्हायरल क्लिपची लिंक पाठवतात आणि ‘कार्यक्रम बंद करा’ लिहून मोकळे होतात. त्यापेक्षा वाहिनी, कार्यक्रम, भागाची तारीख, ॲपवर दिसत असेल तर मिनिट आणि सेकंद, आणि उच्चारलेले शब्द जसेच्या तसे, भाषांतर न करता लिहा. आधीची-नंतरची दोन मिनिटं स्वतः बघा, नाहीतर ‘संदर्भ सोडून घेतलंय’ हे उत्तर तयारच असतं. पोटकलम नमूद करा. तक्रार सूत्रसंचालकाच्या नावाने नको, वाहिनीच्या नावाने करा, कारण परवाना तिचा आहे. आणि वेळ घालवू नका. वाहिन्यांना प्रक्षेपणाची नोंद ९० दिवस ठेवावी लागते, त्यानंतर मूळ भाग मागणं कठीण.

मागणीही नेमकी हवी: पुनःप्रक्षेपणातून तो भाग काढा, ॲपवरून काढा, अधिकृत यूट्यूबवरून काढा. हे तीन वेगळे धागे आहेत. ॲपला केबलचे नियम लागत नाहीत, तिथे २०२१ चे माहिती तंत्रज्ञान नियम लागतात आणि त्यांचा तक्रार अधिकारी वेगळा असतो. एक धागा सुटला की क्लिप तिथून पुन्हा उगवते. ‘सुपर डान्सर ३’ २०१९ मध्ये संपला. त्यात परीक्षकांनी एका मुलाला त्याच्या आईवडिलांबद्दल विचारलेल्या प्रश्नांवरून राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाने सोनीला नोटीस काढली, ती जुलै २०२३ मध्ये. चार वर्षं तो व्हिडिओ तसाच पडून होता आणि तो मुलगा दरम्यान चार वर्षांनी मोठा झाला होता.

म्हणून निषेधाची पोस्ट टाकताना मुलाचा चेहरा झाका आणि नाव गाळा. शाळेत त्याच्या मागे मोमो-मोमो ओरडणाऱ्यांना क्लिप कुठल्या हेतूने शेअर झाली होती याच्याशी काही देणंघेणं नसतं.