दहीकाल्याविना संपलेली रात्र

म्हापशाच्या एका खासगी संस्थेत मी गेली ११ वर्षे ॲनिमेशन शिकवते. दर मे महिन्यात आम्ही आठ ते बारा वर्षांच्या मुलांसाठी सुट्टीचे शिबिर घेतो आणि प्रत्येक मुलाकडून एक फ्लिपबुक करून घेतो. ४८ कोरी पाने, प्रत्येक पानावर आधीच्यापेक्षा किंचित सरकलेले चित्र, आणि अंगठ्याखालून पाने सोडली की चार सेकंदांची हालचाल, एवढेच त्याचे स्वरूप असते. गेल्या वर्षीच्या शिबिराचा शेवटचा दिवस शुक्रवारी आला होता. बाजाराचा दिवस असल्यामुळे बरेच पालक मुलांना सकाळी लवकर आमच्याकडे सोडून खरेदीला गेले होते, आणि संध्याकाळी पाच वाजता सर्वांची फ्लिपबुके पाहायला परत येणार होते.

शिबिरात माझ्या मदतीला माझा एक जुना विद्यार्थी होता. आता तो आमच्याच संस्थेत शिकवतो, वय २८, हात अतिशय सफाईदार. त्याची नऊ वर्षांची भाची त्या शिबिरात आली होती. तिच्या फ्लिपबुकातील पात्र रेवन हे होते. ‘टीन टायटन्स गो!’ या कार्टून मालिकेतली, निळ्या झग्यातली, कपाळावर लाल खडा असलेली ही मुलगी कोणाशी फारशी बोलत नाही आणि घोड्यांचे एक गोडगोड कार्टून मात्र चोरून आवडीने पाहते. भाचीने तेच चितारले होते. रेवन झगा उघडते, आतून पंखांचा लहानसा घोडा काढते, कोणी पाहत नाही ना म्हणून डावीकडे बघते, उजवीकडे बघते, आणि मग त्या घोड्याला घट्ट कवटाळते. कवटाळण्याआधी तिने सहा पाने जवळजवळ एकसारखी काढली होती. आमच्या भाषेत याला होल्ड म्हणतात. हालचाल थांबवून धरायची, म्हणजे पुढची हालचाल प्रेक्षकाच्या मनात आधी घडते. हे मी तिला शिकवले नव्हते. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना जे समजावताना माझा आठवडा जातो, ते त्या मुलीला पाहून पाहून आले होते, आणि ते तिला त्या मालिकेनेच दिले होते.

ती फ्लिपबुक घेऊन आपल्या मामाकडे गेली. त्याने पाने सोडून पाहिली, पुन्हा एकदा पाहिली, आणि सगळ्या मुलांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, “ही रेवन नव्हे. खरी रेवन तू पाहिलेलीच नाहीस. हा तिच्या नावाचा पोरखेळ आहे.”

मागच्या बाकावरचा एक मुलगा हसला. मुलगी रडली नाही. तिने फ्लिपबुकाची क्लिप काढली आणि सगळी पाने पंख्याखाली सोडून दिली. पुढची दोन-तीन मिनिटे खोलीभर पाने उडत होती, मुले ती पकडायला धावत होती, आणि ती खिडकीशी पाठ करून उभी होती.

मला राग आला, आणि तो मी लपवला नाही. जेवणाच्या सुट्टीत त्याला बाजूला घेऊन मी विचारले की आठ दिवस आपण या मुलांना ‘तुझे चित्र तुझेच आहे’ असे सांगत आलो, त्याचे काय झाले. त्याने वाद घातला नाही. बराच वेळ गप्प राहून त्याने जे सांगितले, ते मी त्याला ओळखत असूनही मला ठाऊक नव्हते.

त्याचे वडील जहाजावर होते. आमच्या गोव्यात अशी घरे गल्लोगल्ली आहेत, वर्षातले नऊ महिने वडील समुद्रावर आणि उरलेल्या तीन महिन्यांत पाहुण्यासारखे घरी. आई नोकरीला जायची, थोरली बहीण कॉलेजात होती. शाळेतून येऊन कुलूप उघडायचे, ताटाखाली झाकून ठेवलेले जेवायचे आणि कार्टून नेटवर्क लावायचे, हा त्याचा दिनक्रम होता. त्या वेळी तिथे ‘टीन टायटन्स’ ही मूळ मालिका लागत असे. रॉबिन, स्टारफायर, सायबॉर्ग, बीस्ट बॉय आणि रेवन ही पाच मुले आईवडिलांशिवाय एका मनोऱ्यात राहतात, एकमेकांचा स्वयंपाक करतात, भांडतात आणि शहर वाचवतात. “मोठ्या माणसाशिवाय घर चालतं, हे मला तिथं दिसलं,” तो म्हणाला. त्याच्या शाळेच्या वह्यांच्या मागच्या पानांवर स्लेड या खलनायकाचा मुखवटा होता, अर्धा काळा, अर्धा नारिंगी, आणि डोळ्याचे भोक एकच. तो मुखवटा बरोबर जमेना म्हणून तो चित्रकला शिकायला गेला. आज तो जे काम करतो, त्याची सुरुवात तिथली आहे.

मूळ मालिका २००३ ते २००६ अशी चालली. पाच हंगाम, ६५ भाग. प्रत्येक हंगाम एका पात्राच्या दुखऱ्या जागेभोवती बांधलेला होता. चौथ्या हंगामात रेवनचा बाप ट्रायगन हा राक्षस जगात शिरण्यासाठी तिचाच दरवाजा करतो. आपल्या भावना अनावर झाल्या तर सर्वनाश होईल, या धाकात ती वाढलेली असते, म्हणून तिचे ते न हसणे. दुसऱ्या हंगामात टेरा नावाची मैत्रीण या पाचांशी दगा करते आणि शेवटी शहर वाचवताना दगडाची मूर्ती होऊन जाते. १६ जानेवारी २००६ रोजी दाखवलेल्या अखेरच्या भागात बीस्ट बॉयला शाळेच्या गणवेशात एक मुलगी दिसते, हुबेहूब टेरासारखी. ती त्याला ओळखत नाही, किंवा ओळख देत नाही. मूर्तीची जागा रिकामी असते. ती मुलगी वर्गात निघून जाते आणि मालिका संपते. त्याच वर्षी एक टीव्हीपट आला, पण त्यात टेराचा प्रश्न सुटला नाही.

नऊ वर्षांचा मुलगा पुढच्या हंगामाची वाट पाहत राहिला. सात वर्षे गेली. २०१३ मध्ये तो सोळा वर्षांचा असताना कळले की टायटन्स परत येत आहेत, आणि तेच पाच आवाज परत येत आहेत, स्कॉट मेनव्हिल, हिंडेन वॉल्श, टारा स्ट्राँग, ग्रेग साइप्स आणि खॅरी पेटन. ही बातमी ऐकून त्याला झोप लागली नव्हती. मग नवी मालिका लागली, भाची पाहते तीच ‘टीन टायटन्स गो!’. मोठी डोकी, आखूड पाय, अकरा-अकरा मिनिटांचे भाग, आणि गोष्टी कसल्या, तर वॉफल खाण्याच्या, कपडे धुण्याच्या, कोण जास्त आळशी याच्या. “आवाज कानात शिरला की वाटायचं आपलं माणूस घरी आलं,” तो म्हणाला, “आणि डोळे उघडून बघावं तर ते माणूस आपल्याला ओळखतच नाही.” आपण आत्ताच टेराचा शेवटचा भाग सांगितला, हे बोलताना त्याच्या लक्षात आले नसावे.

जगभरातल्या जुन्या चाहत्यांनी त्या वेळी नव्या मालिकेवर जो राग काढला, तो मी तोवर हट्ट समजत होते. माझे मत असे होते की मुलांचे कार्टून मुलांसाठी असते, मोठ्यांनी बाजूला व्हावे. हे मत मला त्या दुपारी बदलावे लागले. हसण्याचे वावडे त्यांना नव्हतेच. जुन्या मालिकेतही भरपूर थट्टा होती, पात्रांचे चेहरे एकदम गोलमटोल होत, कपाळावर घामाचा मोठा थेंब येई, आणि एखादा भाग निव्वळ गमतीचा असला तर सुरुवातीचे गाणे बहुधा इंग्रजीऐवजी जपानीत वाजे. चाहते त्या गाण्यावरूनच ओळखत की आज हसायचे आहे. राग होता तो गोष्ट अर्ध्यावर सोडून दिल्याचा, आणि नंतर नव्या मालिकेने त्या रागाचीच चेष्टा केल्याचा. तिच्या एका भागात सायबॉर्ग आणि बीस्ट बॉय लहानपणी आवडलेल्या विदूषकाला पुन्हा बोलावतात, तो आता पूर्वीसारखा वाटत नाही म्हणून त्याला भयंकर करून टाकतात, आणि लहान मुले किंचाळत पळतात. हा टोला कोणाला होता, हे सर्वांना कळले. टोला लेखनाच्या दृष्टीने हुशार आहे हे मी मान्य करते. पण ज्याने सात वर्षे वाट पाहिली, त्याला तो जिथे लागला ती जागा मी त्या दिवशी पाहिली.

माझे माहेर पेडणे तालुक्यातले. आमच्या देवळाच्या जत्रेत दशावतार व्हायचा. रात्रीचा पहिला भाग आड दशावतार, त्यात गणपती येतो, रिद्धी-सिद्धी येतात, आणि मग काळ्या वेषातला संकासुर. वेद चोरणारा हा राक्षस, पण आम्हा मुलांसाठी तो हसवणारा गडी होता. भटाची फिरकी घ्यायचा, गावातल्या माणसांवर कोट्या करायचा, आणि आम्ही पोट धरून हसायचो. विष्णूने त्याला मारले की आमचे डोळे मिटायला लागायचे आणि आम्ही आईच्या पदराखाली चटईवर झोपून जायचो. खरे आख्यान त्यानंतर सुरू व्हायचे. युद्धे, शाप, विलाप, पखवाजाची थाप, सगळे मोठ्यांसाठी, पहाटेपर्यंत. शेवटी दहीकाला व्हायचा, हंडी फुटायची, आणि त्या वेळी आम्हाला हलवून जागे करायचे. जी मंडळी संकासुराच्या वेळी हसवत होती, तीच उत्तररात्री रडवत होती. तुम्ही पाहिला तो खरा दशावतार नव्हे, असे आम्हाला कधी कोणी म्हटले नाही. आणि रात्रभर जागलेल्या माणसांना दहीकाल्याआधीच पेटी-पखवाज बांधून कोणी घरी पाठवले, असेही कधी झाले नाही.

हे मी त्याला सांगितले. तो म्हणाला, “टीचर, आमची हंडी फुटलीच नाही.” मग उठला आणि वर्गात गेला.

तोवर मुलांनी पाने गोळा करून बाकावर ठेवली होती. भाचीने प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात पेन्सिलीने क्रमांक घातले होते, त्यामुळे ती लावणे कठीण नव्हते. ४७ पाने सापडली. ३१ क्रमांकाचे पान कुठेच नव्हते, बहुधा खिडकीतून खाली गेले होते. नेमके ते पान, जिथे सहा पानांचा होल्ड संपून रेवनचे हात घोड्याकडे उचलले जातात. ते नसेल तर हालचाल झटका खाते.

“मी काढून देऊ?” त्याने भाचीला विचारले. ती बोलली नाही, पण सरकून तिने त्याला बाकावर जागा दिली.

लाइटबॉक्सवर, म्हणजे खालून उजेड येणाऱ्या काचेवर, त्याने ३० आणि ३२ ही पाने एकमेकांवर ठेवली, वर कोरे पान ठेवले आणि मधले चित्र काढायला घेतले. मी पलीकडे दुसऱ्या मुलाला मदत करत होते, पण लक्ष तिकडेच होते. पहिले चित्र चुकले. त्याने हनुवटी टोकदार काढली होती, मनगटाला हाडाचा उंचवटा दिला होता, जुन्या रेवनचे मनगट. भाची म्हणाली, “मामा, हाड नको. हात असा, वांग्यासारखा.” दुसऱ्या वेळी डोळे बिघडले. त्याने पापणीखाली छटा दिली. “डोळ्यात काही नको घालू. एक रेघ पुरे. ती लपवतेय ना, म्हणून डोळे अर्धे.” तिसऱ्या चित्राला त्याला पाव तास लागला. इतक्या थोड्या रेघांत एखादी मुलगी काहीतरी लपवते आहे हे दाखवणे किती अवघड असते, ते मला माहीत आहे, आणि त्याच्या थांबलेल्या पेन्सिलीवरून ते त्यालाही कळत होते.

काढता काढता त्याने विचारले, “ती लपवते का, ठाऊक आहे तुला?”

“तिला लाज वाटते.”

“जुन्या गोष्टीत तिला भीती वाटायची. आपल्याला फार आनंद झाला किंवा फार राग आला, तर काहीतरी मोडेल अशी. तिचा बाप राक्षस होता.”

“ट्रायगन? तो तर गमतीदार आहे.”

“त्या गोष्टीत नव्हता.” आणि त्याने तिला चौथा हंगाम सांगितला, पेन्सिल खाली न ठेवता. ती ऐकत होती, मागच्या बाकावरचा तो हसलेला मुलगाही पुढे सरकून ऐकत होता. मग टेराची गोष्ट निघाली, दगा, मूर्ती, शाळेतली ती मुलगी.

“मग पुढं काय झालं?”

“पुढचं दाखवलंच नाही.”

“का?”

“ठाऊक नाही गं.”

ती जरा वेळ गप्प राहिली. “तुला वाईट वाटलं असेल,” ती म्हणाली. त्याने मान हलवली. हे वाक्य त्याला इतक्या वर्षांत कोणी म्हटले नव्हते, मीही नाही. आम्ही सगळ्यांनी त्याला एवढेच सांगितले होते की अरे, कार्टूनच ते.

पुढे २०१८ चा नव्या टायटन्सचा चित्रपट संपता संपता जुने पाच जण क्षणभर दिसतात आणि परतीची वाट सापडल्याचे सांगतात, आणि २०१९ मध्ये जुने व नवे टायटन्स एकाच चित्रपटात समोरासमोर येतात, तेही दोन्हीकडे तेच पाच आवाज घेऊन. हे त्याला माहीत होते, पण त्याने तो चित्रपट हट्टाने पाहिला नव्हता. भाचीने पाहिला होता, दोनदा. तिने त्याला त्यातली भांडणे अभिनयासह सांगितली आणि तो हसला.

पाच वाजता पालक आले. पिशव्यांतून केळी, सुकी मासळी, मिरच्यांच्या माळा डोकावत होत्या. मुलांनी आपापली फ्लिपबुके दाखवली. भाचीची पाळी आली तेव्हा तिने अंगठ्याखालून पाने सोडली. रेवनने डावीकडे पाहिले, उजवीकडे पाहिले, थांबली, आणि घोड्याला कवटाळले. ३१ वे पान नीट पाहणाऱ्याला वेगळे कळत होते, रेघ किंचित जाड होती आणि मनगट अजूनही थोडे हाडाचे होते. त्या पानाच्या कोपऱ्यात क्रमांक घालायला मामा विसरला होता. दाखवून झाल्यावर भाचीने क्लिप काढली, ते पान वेगळे केले, कोपऱ्यात स्वतःच्या अक्षरात ३१ लिहिले आणि पुन्हा जागच्या जागी लावले.